पोटशूळ की साथ? : आजारी घोड्याचे अर्थकारण

(पशुसंवर्धन अधिकारी व ग्रामीण बँकांचे अधिकारी यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घोड्याच्या आजारपणावर बोलण्यासाठी आपण एका अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला बोलावले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी पशुवैद्य नाही. आज मी जे वैद्यकीय सांगेन ते पशुवैद्यकांकडून शिकलेले आहे आणि चुकल्यास ते येथेच मला दुरुस्त करतील. परंतु हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी पश्चिम उत्तर प्रदेशातील वीटभट्ट्यांवरील कुटुंबांच्या कर्जबाजारीपणाची पाहणी आम्ही करीत होतो. एका भट्टीवर सायंकाळी एका खेचराने काम थांबवले. पुढच्या पायाने ते जमीन उकरू लागले, वारंवार मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागले, बसले, उठले, लोळले. मालकाने ‘पोट धरले आहे, रात्रीत सुटेल’ असे सांगितले. शेजारच्या वृद्धाने हिंग-ओवा घातलेले मोहरीचे तेल बाटलीने त्याच्या घशात ओतले. जनावर खोकले, काही तेल नाकावाटे बाहेर आले. पशुवैद्यकाला बोलवावे असे मला वाटले. पण आपण पाहणी करावयास आलो आहोत, हस्तक्षेप करावयास नव्हे, या विचाराने मी गप्प राहिलो. सकाळी ते खेचर मेले होते. ज्या पेशगीतून ते घेतले होते, त्यातील मोठी रक्कम फिटावयाची होती. आमच्या प्रश्नावलीत जमीन, घर, दागिने, सायकल यांचे रकाने होते. जनावराच्या आजाराचा रकाना नव्हता.

आधी संख्येकडे पाहू. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे, तट्टे, खेचरे व गाढवे मिळून सुमारे ११.४ लाख जनावरे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ५.५ लाखांवर आली. सात वर्षांत निम्म्याहून अधिक घट. या आकड्याकडे पाहून कोणी म्हणेल की, हा प्रश्न आपोआपच संपत आला आहे. मला हा निष्कर्ष मान्य नाही. जी जनावरे उरली आहेत ती, लग्नाच्या वरातीतील व शर्यतीतील घोडे सोडता, बहुतांशी अशा ठिकाणी उरली आहेत जिथे चाक पोहोचत नाही किंवा चाकाचा खर्च परवडत नाही : वीटभट्ट्या, नदीपात्रातील वाळू, हिमालयातील यात्रामार्ग. आपल्याकडे माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडा हा तेथील वाहतुकीचा कणा राहिला आहे. म्हणजे संख्या घटली तशी उरलेल्या प्रत्येक जनावरावर एकेका कुटुंबाची भिस्त वाढली.

आता आजाराकडे वळू. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की, आत गेलेले परत येत नाही. जठर देहाच्या मानाने लहान, मोठे आतडे मात्र प्रचंड आणि दुमडलेले. या दुमडींत काही जागा एकदम अरुंद होतात. निसर्गाने हा प्राणी दिवसभर थोडे थोडे गवत खाण्यासाठी घडवला आहे. भट्टीवर तो काय खातो? पहाटे कामापूर्वी घाईने तोबऱ्यातील चंदी, रात्री कोरडे गव्हाचे भूस, पाणी मिळेल तेव्हा, आणि मोकळा सुटल्यास उकिरड्यावरील प्लास्टिक. कोरडे भूस व अपुरे पाणी यांनी आतड्यात गच्च गोळा बसतो; एकदम जास्त धान्य दिल्यास आंबून वायू धरतो; कधी आतड्याला पीळ पडतो. या सर्वांना मिळून आपण पोटशूळ म्हणतो. पशुवैद्यक सांगतात त्याप्रमाणे पोटशूळ हा एक आजार नव्हे, ते वेदनेचे नाव आहे.

याच्या शेजारी विषाणूजन्य आजार ठेवून पाहा. अश्व-इन्फ्लूएंझात एक ते तीन दिवसांत ताप चढतो, कधी १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत. कोरडा खोकला येतो, नाक वाहते, जनावर खाणे सोडते. एका तबेल्यात एकाला झाला की पाहता पाहता सर्वांना होतो. खोकल्याच्या तुषारांतून, सामाईक बादलीतून, मोतद्दाराच्या हातांतून व कपड्यांतून तो पसरतो.

कागदावर हे दोन आजार वेगळे दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या काही तासांत मालकासमोर असते ते फक्त एक उदास, न खाणारे जनावर. येथे एक साधी वस्तू उपयोगी पडते : तापमापक. निरोगी घोड्याचे तापमान सुमारे ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या कडेखालील धमनीवर बोट ठेवून मोजता येते. केवळ पोटशूळ असेल तर बहुधा ताप नसतो, नाडी मात्र वेदनेबरोबर वाढते. ताप असेल तर संसर्गाचा संशय धरावा आणि जनावर त्याच क्षणी इतरांपासून वेगळे बांधावे. अपवाद आहेतच. आतड्यालाच संसर्ग झाला असेल तर ताप, हगवण आणि पोटदुखी एकत्र येतात, आणि तो प्रसंग दोन्हींहून वाईट असतो. नाडी साठच्या वर राहिली, हिरड्या फिकट वा जांभळट दिसल्या, लीद थांबली, तर वाट पाहू नये.

तोवर काय करावे? चंदी व चारा काढून घ्यावा. पाणी थोडे थोडे समोर ठेवावे. जनावर लोळून स्वतःला इजा करून घेत असेल तर सावकाश थोडे चालवावे. तासन् तास पळवून दमवू नये. शांत पडून असेल तर पडू द्यावे. तोंडाने तेल, दारू, काढा काहीही ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. पशुवैद्यकही तेल किंवा पॅराफिन देतात, पण ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून. वेदनाशामक घरच्या घरी देऊ नये. दुखणे झाकले जाते आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. शेवटची लीद केव्हा टाकली, काय खाल्ले, गेल्या आठवड्यात नवे जनावर आणले होते का, एवढे लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगावे. मी काही घरांत मुलींनीच हे चोख केलेले पाहिले आहे.

इतके सोपे असताना मालक वाट का पाहतो? ‘अज्ञान’ हे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. सौम्य पोटशूळ पुष्कळदा साध्या उपायांनी किंवा आपोआप शमतो. ज्याने आयुष्यात अनेकदा ‘रात्रीत सुटेल’ म्हटले आणि खरोखर सुटले, त्याच्या दृष्टीने थांबणे हा अनुभवसिद्ध निर्णय आहे. पशुवैद्यकाला बोलावण्याचा खर्च निश्चित आणि आजचा. जनावर गमावण्याची शक्यता अनिश्चित आणि उद्याची. अशा वेळी गरीब माणूस आजचा खर्च टाळतो. आपणही टाळतो, फक्त आपले जनावर वेगळे असते. शमणारा आणि मारणारा पोटशूळ यांत फरक करण्याचे साधन त्याच्या हाती देणे, हा उपदेशापेक्षा उपयुक्त मार्ग आहे. तापमापकाची किंमत चंदीच्या एका दिवसाच्या खर्चाहून फार नसते.

विषाणूचे गणित याहून अवघड आहे. २०२५ मधील केदारनाथचा प्रसंग आपल्याला ठाऊक असेल. त्या वर्षी मार्च महिन्यात रुद्रप्रयाग जिल्ह्यातील काही जनावरांत अश्व-इन्फ्लूएंझा आढळला. यात्रेपूर्वी सुमारे १६ हजार जनावरांची तपासणी झाली. बाहेरून येणाऱ्यांना चाचणीच्या दाखल्याची अट घातली गेली. २ मे रोजी मंदिर उघडले आणि ४ व ५ मे या दोन दिवसांत १४ जनावरे मेली. घोड्या-खेचरांच्या वाहतुकीवर २४ तासांची बंदी आली आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे तज्ज्ञ बोलावण्यात आले. अधिकाऱ्यांनी प्राथमिक कारणे म्हणून हगवण व तीव्र पोटशूळ यांचा उल्लेख केला, आणि सर्वत्र चर्चा मात्र विषाणूची होती. आजच्या व्याख्यानाच्या शीर्षकातील प्रश्न मला तेथूनच सुचला. त्याआधी २०२२ च्या हंगामात पहिल्या काही आठवड्यांतच शंभराहून अधिक जनावरे दगावल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा साथीचे नाव नव्हते. गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटर चढ, साडेतीन हजार मीटरहून अधिक उंची, थंड पाणी, अपुरा चारा, आणि दिवसात एकाहून अधिक फेऱ्या. थकलेल्या जनावराला पोटशूळही होतो आणि विषाणूही त्यालाच अधिक छळतो. दोन्हींना वाट करून देणारे कारण एकच असू शकते.

अश्व-इन्फ्लूएंझाची मोठी साथ आपल्याकडे १९८७ मध्ये आली होती. २००८-०९ ची साथ जून २००८ मध्ये जम्मूतील कटरा येथून, म्हणजे वैष्णोदेवीच्या यात्रामार्गावरील जनावरांतून, सुरू झाली. हिसारच्या केंद्राने या साथींतील विषाणूंवरून देशी लस विकसित केली. लस आहे, प्रयोगशाळा आहे. कमी आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

या आजारावरील मुख्य औषध विश्रांती आहे. पशुवैद्यकांचा ठोकताळा असा की, तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा विश्रांती. तीन दिवस ताप, तीन आठवडे काम बंद. विश्रांती मिळाली तर बहुतेक जनावरे बरी होतात. ताप उतरताच ओझे लादले तर फुप्फुसदाह होऊन मरतात. आता समजा, खेचराची दिवसाची मिळकत एक हजार रुपये आहे आणि खाण्याचा खर्च तीनशे. तीन आठवड्यांत २१ हजारांची मिळकत बुडाली आणि ६,३०० रुपये चाऱ्याला लागलेच. यात्रेची खरी कमाई पावसाळ्यापूर्वीच्या काही आठवड्यांत होते. मे महिन्यातील तीन आठवडे म्हणजे कुटुंबाच्या वर्षाचा मोठा हिस्सा. हा मालक खोकणाऱ्या जनावराला वाटेवर नेईल की तपासणी नाक्यावर दाखवील?

त्याने जनावर बसवले तर लाभ शेजारच्या शेकडो जनावरांचा आणि तोटा त्याच्या एकट्याचा. खासगी खर्च आणि सामाजिक लाभ यांतील ही दरी भरून काढणे हे शासनाचे काम आहे. आपण ते अर्धेच केले आहे. ग्लँडर्स हा प्राणघातक व माणसालाही होणारा जिवाणूजन्य रोग; त्याच्यासाठी आपल्याकडे १८९९ पासून कायदा होता आणि आता २००९ च्या पशुरोग प्रतिबंध कायद्याखाली, बाधित जनावर नष्ट केल्यास भरपाईची तरतूद आहे. पशुधन विम्यात घोडे, खेचरे व गाढवे यांचा समावेश आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात सुधारणा करून हप्त्यातील लाभार्थ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. हे स्वागतार्ह आहे. परंतु विम्याचा भर मृत्यूवर आहे. मेलेल्या खेचराला दर आहे, विश्रांती घेणाऱ्या खेचराला नाही. आपल्या मदतीची ही रचना नकळत मालकाला सांगते की, त्याला चालवत राहा.

माझी सूचना साधी आहे. यात्रामार्गावरील प्रत्येक फेरीच्या नोंदणी शुल्कातून एक छोटी रक्कम बाजूला काढावी आणि पशुवैद्यकाने ‘काम बंद’चा दाखला दिलेल्या जनावराला निदान चाऱ्याइतका दैनिक भत्ता द्यावा. खोट्या दाखल्यांची भीती दाखवली जाईल. भीती खरी आहे. पण आज जे खोटे निरोगी दाखले फिरण्याचा धोका आहे, त्याच्या तुलनेत ती मला लहान वाटते. माणसाला आजारपणाची रजा देतानाही हीच शंका घेतली गेली होती.

बँकेच्या अधिकाऱ्यांसाठी एक गोष्ट. जनावरासाठी कर्ज देताना आपण विम्याची पावती मागता. त्याबरोबर धनुर्वाताची लस, तापमापक आणि फिरत्या पशुचिकित्सालयाचा १९६२ हा क्रमांक मालकाला माहीत आहे की नाही, हेही विचारा. हे क्रमांक लावणारे वाहन गाय-म्हशीच्या कामात गुंतलेले असते आणि घोड्याची नाकनळी त्यात असेलच असे नाही, ही तक्रार मी अनेक भट्ट्यांवर ऐकली आहे. पशुसंवर्धन विभागाच्या मित्रांनी ती मनावर घ्यावी. उत्तर प्रदेशात काही गावांत घोडेमालकांच्या घरांतील स्त्रियांचे बचत गट आहेत. त्यांच्या निधीतून आजारी जनावरासाठी रात्री-अपरात्री उचल मिळते. चंदी देणे, पाणी दाखवणे, लीद काढणे ही कामे बहुधा स्त्रियाच करतात, त्यामुळे लीद थांबली हे आधी त्यांनाच कळते. पुरुषांची शिबिरे भरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आमच्या पुढच्या पाहणीत प्रश्नावली बदलली. गेल्या हंगामात जनावर किती दिवस आजारी होते, त्यांतील किती दिवस ते कामावर होते, असे दोन प्रश्न घातले. पहिल्याच दिवशी एका मालकाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी बराच वेळ आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “साहेब, हे भट्टीमालकाला दाखवणार नाही ना?”