दुःखाच्या वेळचे गीत
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आज महोत्सवाचा दिवस. अशा मंगलसमयी आम्ही दुःखाविषयी बोलावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु एक जुनी चूक आम्हास स्वस्थ बसू देत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मातेचे मूल तापाने दगावले. सांत्वनास गेलो असता आम्ही म्हणालो, "बाई, देवाची इच्छा!" तिने मुकाट्याने तोंड फिरविले. पुढे उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपली. सर्व मंडळी घरी गेली, पण ती तेराव्या स्थानापाशी बसून राहिली. तेथे पवित्र मातेच्या मांडीवर पुत्राचा मृत देह आहे. आमच्या उपदेशाने जे साधले नाही, ते त्या साध्या चित्राने साधले. त्याने तिला काहीही समजाविले नाही. केवळ सोबत केली.

कला दुःखाचे कोडे उलगडीत नाही. ती दुःखास वाणी देते. क्रुसावर प्रभूनेही बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश मुखी घेतला. देवपुत्राने आपल्या वेदनेसाठी पूर्वजांचे गीत जवळ केले, मग आपण संकोच का करावा?

१५७९ साली गोव्यास आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी प्रभूचे दुःखसहन मराठी ओवीत गायिले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तथापि भाविकांनी हस्तलिखितांतून ग्रंथ जतन केला, आणि १९०७ साली तो मंगळूर येथे पुन्हा छापून निघाला.

तीच ओवी आपल्या खानदेशात जात्यावर नांदत होती. असोदे गावी जन्मलेल्या आणि जळगावी नांदलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस अक्षरओळख नव्हती. तिशीतच वैधव्य आले. शेतात राबताना, दळताना रचलेली त्यांची गाणी आप्तांनी उतरून घेतली. पुत्र सोपानदेव यांच्या खटपटीने ती १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली. त्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांस आपल्यात ओढण्याचा आमचा हेतू नाही. दुःखाने त्यांचे काम थांबविले नाही, आणि कामाने गाणे थांबविले नाही, एवढेच आपण त्यांच्यापासून शिकावे.

मात्र एक इशारा. चित्रापुढे हात जोडून आजाऱ्याच्या औषधाचा विसर पडू देऊ नका. सहावे स्थान आठवा. परंपरा सांगते की वेरोनिकेने प्रभूचे रक्ताळलेले मुख पुसले, तेव्हा तिच्या वस्त्रावर त्याची प्रतिमा उमटली. ती चित्र काढावयास गेली नव्हती, घाम पुसावयास गेली होती.

जळगाव असो वा धुळे, ज्या घरी दुःख आहे, तेथे शब्द घेऊन धावू नका. प्रथम ते वस्त्र घेऊन जा, आणि थोडा वेळ बसा. आम्हीही आता तसेच करू पाहतो. प्रभू आपणा सर्वांवर कृपा करो.