ज्योत का टिकत नाही?

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. बाजार म्हटला की खाद्यपदार्थांच्या गाड्या आल्याच. उघड्यावर मांडलेल्या गॅसच्या शेगडीवर तेलाची कढई चढते, आणि गाडीवाल्याची दिवसाची कमाई त्या निळ्या ज्योतीवर अवलंबून असते. ती पेटून क्षणात विझू लागली म्हणजे गिऱ्हाईक ताटकळते आणि घाईने काडीमागून काडी ओढली जाते. खरा धोका येथेच असतो.

ज्योत म्हणजे दोन वेगांचा समतोल होय. बर्नरच्या छिद्रांतून हवामिश्रित वायू एका वेगाने बाहेर येतो. ज्वलन दुसऱ्या वेगाने आत सरकू पाहते. हे वेग जुळले की ज्योत छिद्रापाशी स्थिरावते. वायूचा दाब फार झाला किंवा हवा अधिक मिसळली, तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते व विझते. अशा वेळी प्रथम रेग्युलेटर तपासावा, मग हवेची झडप थोडी लावून घ्यावी. उलट वायू मंदावला तर ज्योत आत शिरून जेटपाशी फुरफुरते. हवा कमी पडली तर ती पिवळी होते व कढईच्या बुडाला काजळी धरते.

वायू मंदावण्याची कारणे साधी असतात. जेटमध्ये कचरा अडकतो. बरेच दिवस बंद राहिलेल्या बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतो, कुंभारीण मातीचे घर बांधते. तोटी बंद करून, बर्नर निवल्यावर ही जागा साफ करावी. जेटमध्ये जाड तार मात्र घालू नये. छिद्र मोठे झाले की दुसराच दोष उत्पन्न होतो. मोठा बर्नर दीर्घकाळ चालला की आतील द्रवाचे बाष्प होताना सिलिंडर गार पडतो, त्यावर दव जमते आणि दाब उतरतो. अशा सिलिंडरला विसावा द्यावा. त्याला आच दाखवणे हा आत्मघात होय.

काही शेगड्यांत ज्योतीजवळ धातूची एक बारीक कांडी असते. ती तापली की अल्पशी वीज निर्माण होऊन वायूची झडप उघडी धरली जाते. कळ सोडताच ज्योत विझत असेल, तर कांडीवर काजळी वा तेलकटपणा साचला असण्याचा संभव असतो. वारा हेही एक कारण आहे. त्याला आडोसा करावा, परंतु सिलिंडर कोंडू नये.

ज्योत विझली की प्रथम तोटी बंद करावी आणि काही मिनिटे थांबावे. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत व गटारात साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के झाले की एक ठिणगीही पुरते. वास येत असल्यास काडी ओढू नये. गळतीचा संशय असेल तर सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले की गळती उघड होते. गळती थांबत नसेल तर दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. थांबलेल्या त्या चार मिनिटांत एखादे गिऱ्हाईक जाईल. ते उद्या पुन्हा येऊ शकते.