पेशीच्या दारावरील खूण
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वेळी 'एच.एल.ए. जुळत नाही' हे वाक्य आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. सख्ख्या भावाशी वा बहिणीशी ते पूर्णतः जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. ज्या रेणूंमुळे ही अडचण येते, त्यांचे खरे कार्य मात्र रक्षणाचे आहे. पेशीतील प्रथिनांचे बारीक तुकडे हे रेणू जणू तबकात ठेवून पेशीच्या पृष्ठभागावर मांडतात. टी-पेशी ते तपासतात आणि विषाणूचा तुकडा आढळल्यास त्या पेशीचा नाश करतात. या शोधासाठी पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या तबकांचे हजारो प्रकार आहेत. म्हणूनच जुळणी कठीण. परंतु याच कुळातील 'एच.एल.ए.-ई' या रेणूचे जगभरात मुख्यतः दोनच प्रकार आढळतात. त्यावर सहसा इतर एच.एल.ए. रेणूंचाच एक तुकडा असतो. तो पाहून 'नॅचरल किलर' पेशी 'घरी सर्व कुशल आहे' असे समजून पुढे जातात, हे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. विषाणूने किंवा कर्करोगाने इतर तबके दडवली, तर ही खूणही मावळते आणि हल्ल्याचा मार्ग मोकळा होतो.

हा रेणू परक्या प्रथिनांचे तुकडेही दाखवतो. क्षयजंतूंनी बाधित पेशी त्याच्याद्वारे ओळखणाऱ्या मानवी टी-पेशी २००२ मध्ये आढळल्या. अमेरिकेतील ऑरेगॉन येथे एका प्रायोगिक लशीने सुमारे निम्म्या माकडांतील एच.आय.व्ही.सदृश विषाणूचा संसर्ग नाहीसा केल्याचे २०१३ मध्ये दिसले. त्या लशीने जागृत केलेल्या टी-पेशींतील मोठा गट माकडांतील याच जातीच्या रेणूद्वारे विषाणू ओळखतो, हे २०१६ मध्ये उमगले.

जो रेणू सर्वांत जवळपास सारखा आहे, त्यावर आधारलेली लस वा उपचार व्यक्तिगणिक बदलावे लागणार नाहीत, ही यामागील आशा. तथापि हे अद्याप संशोधन आहे, आणि त्यामुळे प्रत्यारोपणातील जुळणीची गरज संपणार नाही. खोटा दिलासा देणे आम्हांस मान्य नाही. म्हणूनच आमची विनंती साधी आहे : घरातील कोणी दाता म्हणून पुढे येऊ शकत असेल, तर त्यांनी तपासणी करून घ्यावी. विज्ञान आपल्या गतीने पुढे जाईल. आजच्या रुग्णाला मात्र आजच हात हवा आहे.