न मागितलेले देणे

(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे पैशाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. कोणी किती दिले, किती जमले, खर्च काय झाला, बाकी काय राहिली. चांगल्या कामासाठी पैशाचे नाव काढण्यात संकोच कसला? त्याच ओघात एका लहानशा देण्याविषयी चार शब्द ऐकून घ्यावेत. हे देणे कोणी मागत नाही, त्याची नोंद कोठे नसते आणि ते बुडवले तरी गावात कोणाला कळत नाही. विकणारा पैसे घ्यायला विसरला तर घेणाऱ्याने काय करावे, एवढाच विषय आहे.

समजा, आपल्यापैकीच एक गृहस्थ तालुक्याला गेले. बाजाराचा दिवस, हार्डवेअरच्या दुकानात ही गर्दी. तेथली रीत सर्वांना ठाऊक आहे. माल काढून देणारा पोरगा वेगळा, गल्ल्यावर बसणारे शेठजी वेगळे. पोराने बिजागऱ्या, खिळे, कडीकोयंडा मोजून दिला आणि चिठ्ठी केली, ४६० रुपये. गृहस्थ गल्ल्यापाशी पोहोचले, तोच शेठजींचा फोन वाजला आणि दारात सिमेंटची गाडी येऊन लागली. शेठजींनी बोलता बोलता चिठ्ठी तारेत टोचली आणि मान हलवली. गृहस्थांना एस.टी. गाठायची होती. पिशवी उचलून ते धावत सुटले. घरी येऊन सदरा काढताना पाहतात तो काय, पाचशेची नोट खिशात जशीच्या तशी!

येथपर्यंत कोणाचाच दोष नाही. दोष लागायचा तो पुढच्या पाच मिनिटांत लागतो, कारण तेवढ्या अवधीत माणसाचे मन वकिली सुरू करते.

पहिला मुद्दा असा निघतो की, त्यांनी मागितले नाहीत, मग आपण का द्यावे? हा मुद्दा कायद्यातही टिकत नाही. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या कलम ३२ प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर माल देणे आणि किंमत देणे या दोन्ही गोष्टी बरोबरीने व्हायच्या असतात. माल पिशवीत पडला, की किंमत अंगावर आली. ती मागितली की नाही, हा प्रश्न पुढचा. कोणी म्हणेल, तीन वर्षे गप्प बसले की सुटलो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा किमतीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो हे खरे. परंतु मुदत संपली म्हणजे दावा बुडाला, देणे बुडाले नाही. म्हणून तर १८७२ च्या कराराच्या कायद्यात, मुदत टळलेले देणे फेडण्याचे वचन सहीनिशी लिहून दिले तर ते बंधनकारक धरले आहे. मेलेल्या देण्यात कोणी असा जीव घालू शकला असता काय?

त्याच कायद्याच्या कलम ६३ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि सगळ्या विषयाची मेख तेथेच आहे. देणे माफ करण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याला असतो. विसरणे निराळे आणि सोडणे निराळे. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते काढली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. येणे त्यांचे होते, म्हणून बुडवण्याचा अधिकारही त्यांचा होता. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. ही गोष्ट कीर्तनात आपण सगळेच ऐकतो, पण त्यातला हा वाटणीचा भाग कानांवरून निघून जातो. हार्डवेअरवाल्या शेठजींची चिठ्ठी त्यांच्या वतीने आपणच नदीत सोडणे, हा काही वैराग्याचा प्रकार नव्हे.

दुसरा मुद्दा रकमेचा. एवढे मोठे दुकान, ४६० रुपयांनी त्यांचे काय बिघडते? नाथमहाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक शोधत रात्रभर बसले, ही कथा प्रसिद्ध आहे. एका रुपयाच्या १९२ पै होत. कशासाठी जागले, हे ज्याचे त्याने समजावे. पण येथे नाथांपर्यंत जाण्याचीही गरज नाही. दुकान मोठे असो, संध्याकाळी गल्ला मोजला जातोच. चिठ्ठ्यांची बेरीज आणि रोकड यांत ४६० चा फरक येतो. शेठजींना फोन आठवत नाही, गाडी आठवत नाही. त्यांना दिसतो तो चिठ्ठी करणारा पोरगा. गरिबाचे लेकरू, नुकतेच कामाला लागलेले. शेठजी सज्जन असले तर बोलणार नाहीत, पण त्या दिवसापासून पोरगा गल्ल्याच्या बाजूला गेला की त्यांची नजर जाईल. सज्जन नसले तर पगारातून कापतील. आपल्या खिशातली नोट तिकडे कोणाच्या नावावर चोरी म्हणून लागली, हे आपल्याला घरी बसून कळणार नाही.

भाजीवाल्या मावशींकडे पोरगा नसतो, तेथे हिशेब सरळ पोटाशी येतो. किलोमागे पाच रुपये सुटत असतील, तर साठ रुपयांचा विसर भरून काढायला बारा किलो भाजी विकावी लागते. एवढी भाजी मोटारीवर चढवायची, उतरवायची, उन्हात राखायची. घासाघीस करताना आपण दोन रुपयांसाठी दहा मिनिटे उभे राहतो, तेव्हा पैशाची किंमत आपल्याला नेमकी माहीत असते.

तिसरा मुद्दा, यांनीच गेल्या वर्षी रंगाच्या डब्याला जास्त लावले होते. लावले असतील. मग त्याच दिवशी दुकानात उभे राहून तसे म्हणायचे होते. जी तक्रार तोंडावर केली नाही, ती परस्पर वळती करून घेता येत नाही.

जाण्यायेण्याच्या भाड्याचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला हसू नये. साठ रुपयांसाठी ऐंशी रुपये भाडे घालावे असे कोणी म्हणत नाही. चिठ्ठीवर किंवा पिशवीवर दुकानाचा नंबर असतो, फोन करावा. फोनवरून पैसे धाडता येतात. ते जमत नसेल तर, ‘पुढच्या बाजारी आणतो’ एवढे कळवले तरी त्या दिवसाचा गल्ला जुळतो. बाजारातल्या मावशी जागेवर नसल्या, तर शेजारच्या गाळ्यावर विचारावे; बाजारकरी एकमेकांना ओळखतात. माणूस वारला असेल तर त्याचे येणे वारसांचे होते. आणि भेटल्यावर ते स्वतःच म्हणाले, ‘राहू द्या हो’, तर मग तो त्यांचा अधिकार, आपण सुटलो.

हल्ली नवीनच एक प्रकार होतो. फोनने पैसे भरले, आपल्या खात्यातून वजा झाले, दुकानातला डबा काही बोलला नाही. गर्दी असते, दुकानदार विश्वासाने म्हणतो, ‘जा काका, येतील.’ ते येत नाहीत. दुकानदाराला न पोहोचलेली अशी रक्कम पाच दिवसांच्या आत आपल्या खात्यात परत यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. परत आल्याचा संदेश आपल्या फोनवर येतो, दुकानदाराच्या नव्हे. त्याला वाटते पैसे मिळाले, आपल्याला वाटते आपण दिले. अशा वेळी दोन-चार दिवसांनी खाते एकदा पाहावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो या मांडवात काढणे थोडे अवघड आहे. मन म्हणते, कशाला हेलपाटा? तेवढे देवळाच्या पेटीत टाकू, देवाला पोहोचले म्हणजे सर्वांना पोहोचले. मंडळी, पेटीत पडलेल्या नोटेवर कोणाचे नाव नसते, म्हणून ती आपली होत नाही. विकणाऱ्याचा पुष्कळ शोध करूनही तो सापडला नाही, वारसही सापडले नाहीत, तर दान करावे, त्यास कोणी नाव ठेवणार नाही. पण दुकान ठाऊक आहे, माणूस ठाऊक आहे, आणि पैसे मात्र पेटीत. याला देणगी कशी म्हणावी? ती शेठजींची देणगी झाली, आणि त्यांना विचारलेलेही नाही. समितीनेही हेच ध्यानात धरावे. वाळूची एखादी खेप बिलात लावायची राहिली, मिस्त्रींच्या हजेरीत एक दिवस कमी पडला, तर देवाच्या कामात बचत झाली असे समजून जमाखर्च मिटवू नये. त्यांना बोलावून दाखवावे. त्यांनी सोडले तर त्यांच्या नावाने पावती फाडावी.

आपले गृहस्थ पुढच्या बाजारी दुकानात गेले असे समजू. गर्दीत पोराच्या हातात गुपचूप नोट सारणे सोपे होते. तसे त्यांनी केले नाही, आणि ते फार बरे झाले. ते गल्ल्यापाशी उभे राहिले आणि चार जणांना ऐकू जाईल असे बोलले, "शेठ, गेल्या बाजारी सिमेंटची गाडी आली होती तेव्हा बिजागऱ्या नेल्या. चिठ्ठी तुम्ही तारेला लावली, पैसे द्यायचे माझ्याकडूनच राहिले. ४६० आहेत."

शेठजींनी तार खाली घेतली, चिठ्ठ्या मागे सारत ती चिठ्ठी काढली, पाहिली. मग नोट घेण्याआधी त्यांनी आत हाक मारली, "अरे, इकडे ये जरा." पोरगा हात पुसत, भीत भीत बाहेर आला. शेठजींनी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली आणि म्हणाले, "सापडली. जा, काकांना चहा सांग."