घरचा साबण: काटा, तेल आणि पाणी



घरी साबण करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात तयार बेसने होते. पांढरा किंवा पारदर्शक ठोकळा आणायचा, तुकडे करून वितळवायचा, रंग-सुगंध घालून साच्यात ओतायचा. दिवाळीत भेट द्यायला त्या वड्या छानच दिसतात. पण त्यातला साबण कारखान्यात आधीच झालेला असतो. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र येऊन साबण होण्याची क्रिया ज्यांना स्वतःच्या हातानं घडवायची आहे, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे. जे आधीपासून करतात, पण वडी कधी मऊ, कधी झोंबणारी, कधी खवट निघते म्हणून खट्टू होतात, त्यांच्याशीही.

या छंदात पुढं जायचं म्हटलं की पहिला पैसा सुगंधी तेलं, चमकीचे रंग आणि नक्षीदार साचे यांवर जातो. माझं आग्रहाचं सांगणं वेगळं आहे. पहिला पैसा काट्यावर घाला, दुसरा तेलावर, तिसरा पाण्यावर. सुगंध सगळ्यात शेवटी.

काटा का, ते आकड्यांतच पाहू. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्निग्ध पदार्थांची रचना उलगडली. त्यांचा ग्रंथ 1823 साली आला. तेल म्हणजे ग्लिसरीन आणि स्निग्धाम्लं यांची जोडणी. सोडा ती जोडणी तोडतो, आम्लांशी संयोग पावतो, त्यातून साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. प्रत्येक तेलाची सोड्याची गरज ठरलेली असते. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगदाणा तेलाला 0.136, एरंडेलाला 0.128.

आता एक किलो तेलाचा घाट, म्हणजे एका वेळचं मिश्रण, घेऊ. खोबरेल 300 ग्रॅम, शेंगदाणा 500, कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप, 100, एरंडेल 100. मुठेलाचाही असाच आकडा धरून गुणाकार आणि बेरीज केली की सोडा येतो सुमारे 149 ग्रॅम. आपण तो पाच टक्के कमी घेतो, म्हणजे 142, कारण थोडं तेल मोकळं राहिलं तर वडी कातडीला मऊ लागते आणि मोकळा सोडा उरत नाही. ही सगळी सुरक्षितता सात ग्रॅमांची आहे. पाच-पाच ग्रॅमांनी उडी मारणाऱ्या काट्यावर किंवा चमच्याच्या अंदाजानं ती केव्हा संपली ते कळणारही नाही. खोबरेल संपलं म्हणून त्या 300 ग्रॅमांच्या जागी शेंगदाणा तेल घातलं आणि सोडा तोच ठेवला, तर गरजेपेक्षा तब्बल 14 ग्रॅम सोडा जास्त पडतो. त्यातून पाच टक्क्यांची सवलत वजा केली तरी अर्धा उरतो, आणि तो अंग भाजतो. म्हणून एक ग्रॅम अचूक दाखवणारा काटा घ्या, छोट्या घाटासाठी दशांश ग्रॅमाचा. तेलही वाटीनं मोजू नका, वजनानंच घ्या.

सोडाही पारखून घ्यावा लागतो. सुट्या पोत्यातल्या पापड्या हवेतलं पाणी शोषून ओलसर झालेल्या असतात. 142 ग्रॅम तोललं तरी त्यात खरा सोडा कमी भरतो. शुद्धतेचा आकडा छापलेली बंद बरणी घ्या आणि वापरून झाल्याबरोबर झाकण घट्ट लावा.

भांड्यांबद्दल एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन. जर्मनचं पातेलं या कामात चालत नाही. ॲल्युमिनिअमला कॉस्टिक खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टेनलेस स्टील किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचं भांडं घ्या, आणि ते स्वयंपाकघरात परत नेऊ नका. हातात धरायचा ब्लेंडर ही खरी सुधारणा आहे. रवीनं तासभर घुसळून जे होतं ते तो काही मिनिटांत करतो. मात्र त्याचा दांडा स्टीलचा आहे ना, ते दुकानातच पाहून घ्या. तेल आणि सोड्याचं पाणी घुसळताना वरून ओघळ सोडला आणि त्याची रेघ क्षणभर पृष्ठभागावर टिकली, की मिश्रण ओतायला तयार. साच्याला फार पैसे घालू नका. लाकडी खोका आणि आत बटर पेपर एवढं पुरे.

सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही. विरघळताना द्रावण 80 अंशांच्या वर तापतं आणि घशाला लागणारी वाफ येते, म्हणून हे काम खिडकीशी किंवा पडवीत करा. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. अंगावर थेंब उडाला तर व्हिनेगर किंवा लिंबू चोळत बसू नका. वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा. डोळ्यात गेला तर धुता धुता दवाखाना गाठायचा. घरात लहान मूल असेल तर ते झोपलेलं किंवा बाहेर गेलेलं असतानाच घाट घालावा.

आता तेलं. इथं मला जरा रेंगाळायचं आहे.

विलायती साबणाचा टणकपणा पूर्वी बहुधा जनावरांच्या चरबीतून येई. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती तेलांपासून अंघोळीचा साबण काढला तो ही चरबी टाळून. घरी साबण करणाऱ्यापुढं आजही तोच प्रश्न उभा राहतो: चरबी नको, तर वडी टणक कशानं होईल? पुष्कळजण पामतेल घेतात. मला उत्तर कोकणात दिसतं. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तूप मुठीत दाबून गोळे करतात, तेच मुठेल. टाचांच्या भेगांना लावायला अनेक घरांत ते असतं. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, आणि वडीला घट्टपणा देणारं तेच. किलोला 100 ग्रॅम पुरतं. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तेलं आणि सोड्याचं पाणी दोन्ही साधारण 45 अंशांवर असताना एकत्र करा, नाहीतर मुठेल मध्येच थिजून कण राहतात. खाली कोकणात चिपळूण-महाडकडं कुणी जाणार असेल तर त्याला आणायला सांगा. ते पामतेलापेक्षा महाग पडतं, तरी मी तेच निवडेन.

खोबरेल फेस देतं, पण 30 टक्क्यांच्या फार वर गेलात तर अंग कोरडं पडतं. एरंडेल तो फेस टिकवून धरतं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आपल्याकडं ताजं मिळतं. ते दोन-तीन दिवस निवळू द्या, गाळ खाली बसला की वरचं घ्या. करडईबद्दल मात्र सावध करतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं करडईवर फार मोलाचं काम केलं आहे आणि या पट्ट्यातल्या माणसाला त्या तेलाची ओढ असणं साहजिक आहे. पण नेहमीच्या करडई तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं. ते हवेशी लवकर बिघडतं, वडीवर नारिंगी ठिपके पडतात आणि खवट वास येतो. घालायचंच तर पाच-सात टक्के घाला आणि वड्या लवकर वापरा.

करंज आणि कडुनिंब ही तेलं खाण्यात वापरत नाहीत, म्हणून खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं अखाद्य तेलं आणि साबण हा ग्रामोद्योग म्हणून हाती घेतला. त्यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. जे बी रस्त्याकडेला पडून वाया जातं त्याचा साबण व्हावा आणि खायचं तेल पोटाला राहावं. करंजाचा वास उग्र असतो, रंग पिवळट येतो; पाच टक्क्यांपर्यंत तो खपून जातो. कपड्याच्या साबणात बिनधास्त जास्त घाला.

पाण्याकडं कुणी लक्षच देत नाही. आपल्या बेसाल्ट खडकातल्या विहिरी आणि बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडून चिकट साय तयार करतात. घाटासाठी डिस्टिल्ड पाणी वापरा, सोड्याच्या दुप्पट वजनाचं. वरच्या मापाला 284 ग्रॅम. पण अंघोळ शेवटी बोअरच्याच पाण्यानं होणार, म्हणून वडीतच तोड घालायची. किलोभर तेलाला 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात विरघळवा आणि त्याला लागणारा 6 ग्रॅम जादा सोडा धरा, म्हणजे एकूण 148. त्यातून बनणारं सोडिअम सायट्रेट कॅल्शियमला अडकवून ठेवतं आणि मोरीतली साय बरीच कमी होते. या एका बदलानं जड पाण्याच्या गावातला साबण सुधारतो, तेवढा कुठल्याही महागड्या अत्तरानं सुधारणार नाही.

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हळदीचा साबण हवा अशी मागणी घरोघरी होते. हळद सोड्यात पडताच कुंकवासारखी लाल होते. पुढं वडीत तो रंग निवळून नारिंगी-पिवळ्याकडं येतो आणि उन्हात उडतो. किलोला एक चहाचा चमचा बास, नाहीतर टॉवेल रंगतात. काहीजण हळदीच्या पाण्यानं वडीत सोडा उरला का ते तपासतात. ही तपासणी फसवी आहे. चांगला मुरलेला साबणही अल्कधर्मीच असतो आणि हळदीला लाल करतो. तेव्हा खात्री सुरुवातीच्या तोलण्यातच करून घ्यावी लागते.

तेल-सोड्याची क्रिया एक-दोन दिवसांत जवळपास पुरी होते, पण वडी वापरायला चार ते सहा आठवडे थांबा. तेवढ्यात पाणी उडतं, वडी टणक होते आणि न्हाणीघरात लवकर विरघळत नाही. आपल्याकडचा फेब्रुवारी ते मे हा कोरडा काळ याला उत्तम. पावसाळ्यात वडीतलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं आणि वड्यांना घाम फुटतो.

शेवटी, हे घरात आणि नात्यागोत्यात वापरायला कुणाची हरकत नाही. विकायचं ठरलं की 1940 चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो. बचत गटांनी आठवडी बाजारात वड्या मांडण्याआधी ते करावं. आणि आजपासूनच प्रत्येक घाटाची नोंद वहीत ठेवा: तारीख, प्रत्येक तेलाचे ग्रॅम, कुठला घाणा, कुठल्या बरणीतला सोडा, पाणी किती, वडी कधी कापली. एखाद्याच्या अंगावर पुरळ उठलं, तर त्या दिवशीच्या बाकीच्या वड्या कुणाकुणाकडं गेल्या ते शोधून परत मागवता आलं पाहिजे.