निर्लेखनापूर्वी : जुना सिंथेसायझर आणि संगणकातील सिंथेसायझर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, अहमदाबाद येथे मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक कबुली देणे उचित होईल. मी संगीतज्ञ नव्हे आणि अभियंताही नव्हे. कला शाखेचा एक साधा पदवीधर आणि गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत हिशेबाचे कागद तपासणारा अधिकारी, एवढीच माझी ओळख. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. माझा अधिकार इतकाच की, मंडळाच्या जडसंग्रह नोंदवहीतील निरुपयोगी वस्तूंचे निर्लेखन करण्यासाठी गेल्या वर्षी तीन सभासदांची जी उपसमिती नेमली गेली, तिचा मी एक सभासद आहे.

त्या नोंदवहीत मोडक्या खुर्च्या, गंजलेली पातेली आणि फाटलेल्या सतरंज्या यांच्या पंक्तीला एक नोंद आहे : ‘सिंथेसायझर, जपानी बनावटीचा, नग एक, खरेदी १९८४.’ गणेशोत्सवातील वाद्यवृंदासाठी हे वाद्य घेतले गेले, आणि त्यासाठी महिला शाखेने आपल्या भिशीची संपूर्ण रक्कम दिली, अशी त्या सालच्या इतिवृत्तात नोंद आहे. आज त्या वाद्याच्या काही पट्ट्या मुक्या आहेत. आतील बॅटरी गळून तिच्या क्षाराने पाटीवरील तांब्याच्या रेषा खाल्ल्या आहेत. जे स्वर निघतात ते अर्धा तास तापल्याशिवाय ठिकाणावर येत नाहीत. दुरुस्तीचा अंदाज मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक आला. उलट, मंडळातील एका तरुण सभासदाने गेल्या गणेशोत्सवात मांडीवरच्या संगणकातून त्याच जातीचे स्वर काढून दाखवले. मग हे धूड का सांभाळायचे? प्रश्न सरळ होता, आणि निर्लेखनाच्या कागदावर दोन सह्या झाल्याही होत्या. तिसरी सही माझी व्हायची होती. सही करण्यापूर्वी वस्तू समजून घ्यावी या खात्यातल्या सवयीने मी थोडा अभ्यास केला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

सिंथेसायझर म्हणजे विजेपासून स्वर घडवणारे वाद्य. अमेरिकेतील रॉबर्ट मूग या अभियंत्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्याने १९६४ मध्ये आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना सिद्ध केला. त्यातली मुख्य कल्पना मोठी सुटसुटीत आहे. एक मंडल विद्युत्लहरी निर्माण करते, तिला ऑसिलेटर म्हणतात. त्याला दिलेला विद्युत्दाब एका व्होल्टने वाढवला की स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. ही लहर अंगची मोठी श्रीमंत असते. करवतीच्या दातांसारखी लहर घेतली तर तिच्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व कंपनसंख्यांचे उपस्वर असतात. पुढे ती फिल्टर नावाच्या गाळणीतून जाते. गाळणी वरचे उपस्वर कमी-अधिक कापते आणि स्वराला कधी बासरीची सौम्यता येते, कधी तुतारीची धार. मूर्तिकार दगडातून नको तेवढा भाग काढून टाकतो, तसाच हा प्रकार.

वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये बाखच्या रचना या यंत्रावर वाजवून ध्वनिमुद्रित केल्या आणि प्रयोगशाळेतील हे कुतूहल घराघरांत पोहोचले. १९७० मध्ये मिनीमूग हे सुटसुटीत, उचलून नेण्याजोगे वाद्य आले. तीन ऑसिलेटर, एक गाळणी आणि एका वेळी एकच स्वर. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ ने एका वेळी पाच स्वर दिले आणि बटणांची मांडणी स्मरणात ठेवण्याची सोयही दिली.

आपण ज्या शहरात बसलो आहोत, त्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे, हे मलाही अलीकडेच कळले. येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग यंत्र बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. १९७२ नंतर त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना जगासमोर आल्या. मधल्या पन्नास वर्षांत एखाद्या कर्तव्यदक्ष उपसमितीने त्या फितींपुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्यासारख्या माणसाला अस्वस्थ करणारा आहे.

आता संगणकाकडे वळू. संगणकातून संगीत काढण्याचा प्रयत्न जुना आहे. बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्येच तो केला होता. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या वाद्यात स्वर आकड्यांच्या गणितातूनच निघत असे, आणि त्याच्या स्वच्छ, खणखणीत आवाजापुढे जुनी यंत्रे मागे पडली. परंतु घरगुती संगणकाला जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करण्याचे बळ आले ते १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. १९९७ मधील रीबर्थ या प्रणालीने रोलंडच्या जुन्या यंत्रांची प्रतिकृती संगणकाच्या पडद्यावर आणली. त्यानंतर मिनीमूग, प्रॉफेट अशा नामांकित वाद्यांच्या छायाप्रती एकामागून एक निघाल्या.

ही नक्कल होते कशी? संगणक अखंड लहर जाणत नाही. तो एका सेकंदाला, समजा, ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजतो किंवा गणिताने ठरवतो. यात दोन अडचणी येतात. पहिली अशी की, या संख्येच्या निम्म्याहून, म्हणजे २२,०५० हून अधिक कंपनसंख्येचा उपस्वर या मोजणीत मावत नाही. तो नाहीसा झाला असता तर बिघडले नसते. परंतु तो परावर्तित होऊन खालच्या पट्टीत, भलत्याच जागी, बेसूर होऊन उमटतो. दुसरी अडचण गाळणीची. जुन्या यंत्रात गाळणीतून बाहेर पडलेली वीज त्याच क्षणी पुन्हा तिच्या तोंडाशी येते. संगणकाला मात्र उत्तर काढण्यासाठी तेच उत्तर आधी हाती असावे लागते! आरंभीच्या प्रणाल्यांनी मागच्या क्षणाचे उत्तर वापरून वेळ भागवली आणि त्यामुळे स्वर कोरडा झाला. पुढे प्रत्येक क्षणाला समीकरण सोडवून खरे उत्तर काढणाऱ्या प्रणाल्या आल्या. आजच्या उत्तम प्रणाल्यांनी या दोन्ही अडचणींवर पुष्कळच मात केली आहे, हे निःपक्षपातीपणे मान्य केले पाहिजे.

जुन्या यंत्राचे भक्त त्याच्या स्वरातील ‘ऊब’ वाखाणतात. ही ऊब कोठून येते? गंमत अशी की ती यंत्राच्या दोषांतून येते. ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवा असतो. खोलीचे तापमान बदलले की स्वर सरकतो. दोन ऑसिलेटर एकाच स्वरात लावले तरी ते तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्या किंचित अंतरामुळे स्वरात एक संथ हेलकावा उत्पन्न होतो. आपल्याला हे नवे नाही. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात लावतात. तरी त्यांच्यातील सूक्ष्म अंतर आणि घोडीवरील जवारी यांतूनच तो भरलेला नाद येतो, ज्यात गवय्या आपला स्वर मिळवतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा सोयीचा, प्रवासात हलका; परंतु म्हणून मिरजेचा तंबोरा कोणी निकालात काढला नाही. नव्या प्रणाल्या हा हेलकावाही आकड्यांनी मुद्दाम मिसळतात. दोषाचीसुद्धा नक्कल करावी लागते, याहून मूळ वस्तूचा मोठा गौरव कोणता?

येथे दुसरी कबुली. आम्ही या सभागृहात एक परीक्षा घेतली. पडद्यामागून एकदा आपल्या वाद्याचा स्वर आणि एकदा संगणकाचा, असे दहा वेळा ऐकवले गेले. कोणता स्वर कोणाचा हे ऐकणाऱ्यांनी कागदावर लिहायचे होते. मी मनातून जुन्याच्या बाजूचा, म्हणून मोठ्या विश्वासाने लिहिले. दहापैकी सहा उत्तरे चुकली! ज्या भगिनींनी १९८४ मध्ये भिशीचे पैसे दिले होते, त्यांपैकी एक आजी परीक्षेला बसल्या होत्या. त्यांची आठ उत्तरे बरोबर आली. त्यांना कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “अहो, आपलं वाद्य जरा उशिरा सुरात येतं, एवढंच.” त्यांनी ऊब ओळखली नव्हती, खोड ओळखली होती. या परीक्षेला शास्त्रीय पुराव्याचे मोल नाही हे मी जाणतो. परंतु ‘ऐकताच फरक कळतो’ हा माझा अहंकार तिने उतरवला.

मग फरक उरतो कोठे? माझ्या मते तो हातात उरतो. जुन्या वाद्यावर प्रत्येक क्रियेला स्वतंत्र खुंटी आहे. एका हाताने गाळणी उघडत दुसऱ्या हाताने स्वर धरणाऱ्या वादकाला डोळ्यांची गरज पडत नाही. संगणकावर हेच काम एका बाणाने, एकेक करून होते. बाहेरून खुंट्यांची पेटी जोडता येते हे खरे, पण बोट आणि स्वर यांमध्ये गणिताला लागणारा काही सहस्रांश सेकंदांचा वेळ मध्यस्थ म्हणून राहतोच. संगणकात शेकडो स्वर तयार मिळतात आणि मुले एकामागून एक ते निवडत बसतात. जुन्या यंत्रात मोजकेच स्वर, म्हणून माणूस एकाच स्वराशी झटत बसतो.

झटण्याचे फळ काय असू शकते याचे उदाहरण मुंबईतच आहे. चित्रपटसंगीतातील अनुभवी वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यांतील टीबी-३०३ हे यंत्र वास्तविक बास गिटारची नक्कल करण्यासाठी निघाले होते; ती नक्कल कोणाला पटली नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून एका नव्या नृत्यसंगीताचा पाया घातला. चरणजितांची मुद्रिका तेव्हा खपली नव्हती. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा पाच वर्षे आधीच मुंबईत काय घडून गेले होते ते पाहून जग चकित झाले. नक्कल म्हणून जे यंत्र फसले, ते स्वतःच्या आवाजासाठी अमर झाले.

म्हणून संगणकातील सिंथेसायझरला ‘खोटा’ म्हणण्याची घाई मी करणार नाही. ज्या हार्मोनियमवर आपली नाट्यपदे रंगली, तिलाही परकी आणि बेसूर ठरवून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. आजचे खोटे उद्या खरे ठरते, हा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

परंतु ‘संगणकात सारे सुरक्षित आहे, जुने यंत्र तेवढे मरते’ हा युक्तिवाद मात्र मला तपासणीत टिकलेला दिसत नाही. जुने यंत्र बिघडले तर आतील भाग दिसतो, डाग देता येतो, धारित्र बदलता येते. रीबर्थचे उत्पादन २००५ मध्ये थांबले. २०१९ मध्ये एका प्रमुख संगणक कंपनीने आपल्या नव्या कार्यप्रणालीत ३२ बिटांच्या प्रणाल्या चालवणे बंद केले आणि अनेकांनी पैसे मोजून घेतलेली वाद्ये एका रात्रीत मुकी झाली. त्यांना ना गंज चढला होता ना क्षार. छायेचेही निर्लेखन होते, आणि त्यात आपली सही कोणी मागत नाही.

तेव्हा माझा अहवाल असा आहे. एक : संगणकातील प्रणाली मंडळाने अवश्य घ्यावी, परवान्याची रक्कम रीतसर भरून घ्यावी, आणि ती मुलांच्या हाती द्यावी. हजारो रुपयांच्या यंत्राशिवाय स्वराची घडण शिकता येणे ही या काळाची मोठी देणगी आहे. दोन : जुन्या वाद्याचे निर्लेखन करू नये. गळकी बॅटरी आजच काढावी, कारण तो क्षार आपल्या सभेच्या ठरावाची वाट पाहणार नाही. बाकीची दुरुस्ती जमेल तशी, दोन वर्षांत करावी. तीन : जे स्वर अजून निघतात ते आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. नक्कल पारखायची तर मूळ प्रत दप्तरी असावी लागते. माझ्या खात्यात सत्यप्रतीवर शिक्का मारण्यापूर्वी आम्ही मूळ कागद मागतो, तो याच कारणासाठी.

माझ्या दोन सहकारी सभासदांनी खर्चाचा जो आक्षेप घेतला आहे, तो गैर नाही. निर्णय पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेने घ्यायचा आहे आणि तो मला शिरोधार्य राहील. माझी तिसरी सही मात्र मी अद्याप केलेली नाही, आणि ती का केली नाही हे आपल्यापुढे मांडणे माझे कर्तव्य होते.

सभेनंतर वाद्य व्यासपीठावर ठेवले आहे. ज्यांना हात लावून पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य पाहावे. फक्त ते अर्धा तास आधी सुरू करून ठेवले आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.