साडेसदुसष्ट टीएमसीचा कायदा



कायदा कसा होतो आणि कसा लागू होतो, असा विषय मला दिला आहे. विधेयक, दोन सभागृहं, राष्ट्रपतींची सही, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं उत्तर इथल्या, कोयनानगरच्या, शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मी दुसरीकडून सुरुवात करतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात साठतं १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी. त्यातलं पश्चिमेला पोफळीच्या बाजूला वीज करायला वर्षाला किती सोडायचं? साडेसदुसष्ट टीएमसी. वर्ष १ जूनला सुरू, ३१ मेला बंद. हा आकडा या गावात चहाच्या टपरीवरही कोणी सांगेल.

हा आकडा कोणी ठरवला? संसदेनं नाही, विधानसभेनं नाही, सर्वोच्च न्यायालयानंही नाही. तरीही महाराष्ट्र सरकारला तो पाळावा लागतो. माझं आजचं व्याख्यान एवढ्याच कोड्याचं आहे.

राज्यघटनेत पाणी हा राज्यांचा विषय आहे. पण नदी राज्याची हद्द पाळत नाही, म्हणून घटनेतच अनुच्छेद २६२ घातला. नदीच्या तंट्यासाठी संसदेनं कायदा करावा, आणि वाटल्यास सर्वोच्च न्यायालयासह सगळ्या न्यायालयांना त्या तंट्यात येण्यास मनाई करावी. न्यायालयाला दाराबाहेर ठेवण्याची अशी मुभा घटना क्वचितच देते. संसदेनं ती लगेच वापरली. १९५६ साली आंतरराज्य पाणीतंटा कायदा झाला. त्याच वर्षी नदी मंडळांचा कायदाही झाला: राज्यांनी एकत्र बसून नदीचं नियोजन करावं म्हणून. त्या दुसऱ्या कायद्याखाली आजतागायत एकही नदी मंडळ स्थापन झालेलं नाही. कायदा मंजूर होणं आणि कायदा चालणं यांत केवढं अंतर असतं, ते यावरून बघा.

कोयना ही कृष्णेची उपनदी. कृष्णेचा तंटा १९६९ साली पाणीतंटा कायद्याखाली नेमलेल्या न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाकडे गेला. पक्षकार तीन: महाराष्ट्र, तेव्हाचं म्हैसूर म्हणजे आजचं कर्नाटक, आणि आंध्र प्रदेश. कोयनेच्या बाबतीत खालच्या राज्यांची तक्रार साधी होती. शेतात दिलेल्या पाण्याचा काही भाग पाझरून नदीत परततो. सह्याद्रीच्या पलीकडे टाकलेलं पाणी वाशिष्ठीतून थेट अरबी समुद्राला मिळतं. महाराष्ट्राला वीज हवी होती, त्यांना पाणी. लवादानं २०६० टीएमसीची वाटणी केली: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. आणि महाराष्ट्राच्या वाट्यातूनच कोयनेच्या पश्चिम वळणाला साडेसदुसष्टची मर्यादा घातली. निवाडा १९७३ चा, राज्यांच्या शंकांवरचा पुढचा अहवाल १९७६ चा. मग केंद्रानं तो राजपत्रात छापला, आणि छापला त्या क्षणी तो बंधनकारक झाला. हे छापणं ध्यानात ठेवा, पुढे त्यावरच गाडी अडली आहे.

बच्छावतांनी आणखी एक योजना आखली होती, 'ब' योजना. चांगल्या पावसाच्या वर्षी २०६० च्या वर जे पाणी येतं ते कसं वाटायचं आणि त्यावर देखरेख करायला कृष्णा खोरे प्राधिकरण कसं असावं, हे तिच्यात होतं. पण राज्यांचं एकमत नव्हतं. म्हणून लवादानं ती अंतिम आदेशात घातली नाही. राज्यांनी करार करावा किंवा संसदेनं कायदा करावा, असं सांगून ती बाजूला ठेवली. करार झाला नाही. संसदेनं कायदा केला नाही. पुढे कर्नाटक आणि आंध्र सर्वोच्च न्यायालयात भांडले, महाराष्ट्रही त्यात पक्षकार होता. २००० साली न्यायालय म्हणालं: 'ब' योजना हा निवाडाच नाही, अंमल कशाचा करणार? त्याच वेळी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा प्रश्नही न्यायालयापुढे होता.  ज्या तंट्यात न्यायालयानं येऊ नये म्हणून संसदेनं कायदा केला, तो तंटा संसद गप्प बसल्यामुळेच न्यायालयाच्या पायरीवर गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००२ साली संसदेनं पाणीतंटा कायद्यात दुरुस्ती केली. छापलेल्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं बळ दिलं आणि लवादांना मुदत घातली. २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांचा दुसरा लवाद आला. त्यानं डिसेंबर २०१० मध्ये निर्णय दिला. महाराष्ट्राचा वाटा ६६६ वर गेला. आंध्र प्रदेश न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये न्यायालयानं निर्णय राजपत्रात छापायला मनाई केली. छापला नाही म्हणून लागू नाही. तेव्हा बच्छावतांचा आकडा अजून चालतो. न्यायालयाला मनाई होती ना, मग हे कसं? त्याचं उत्तर २०१६ च्या कावेरी प्रकरणात मिळतं: मनाई मूळ तंटा ऐकण्यावर आहे, लवादाच्या निर्णयाविरुद्धच्या अपिलावर नाही.

आता थोडं कडू बोलतो. या सगळ्या लवादांत पक्षकार राज्यं. ज्यांची गावं शिवसागराखाली गेली, त्यांना तिथे स्वतंत्र उभं राहायला जागाच नव्हती. बच्छावतांचा निवाडा राजपत्रात आला त्याच १९७६ साली महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा केला. तोवर कोयना धरण उभं राहून बारा वर्षं झाली होती. पाण्याचा हिशेब टीएमसीच्या दशांशापर्यंत झाला, माणसांचा हिशेब पुरा करण्यासाठी कोयनेच्या धरणग्रस्तांना २०१८ सालीही याच कोयनानगरात ठिय्या द्यावा लागला.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. दर तंट्याला नवा लवाद नेमण्याऐवजी देशात एकच कायमचा लवाद असावा, म्हणून लोकसभेनं जुलै २०१९ मध्ये विधेयक मंजूर केलं. ते राज्यसभेत पडून राहिलं, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा रद्द झालं. साताऱ्याचे खासदार मतं मागायला इकडे येतात. रस्त्याचं आणि बसचं विचारून झालं की त्यांना या विधेयकाचंही विचारा.